चुलीपुढची पाळी

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय कळविण्याविषयी लिहिले, तेव्हा ‘घरचा स्वयंपाक आणि सुट्टीचा वार’ असा विषय आम्ही उलट टपाली कळविला. चिटणीस आमचे जुने स्नेही. त्यांनी नम्रपणे विचारले, की आपल्याकडे इतिहासाचा विषय ठरला होता, त्याचे काय झाले? आम्ही सांगितले, हा विषय इतिहासाचाच आहे, आणि पुण्यामुंबईच्या आधी तो आपल्या बुलढाण्याच्या इतिहासाचा आहे. आपल्या जिल्ह्याचा इतिहास म्हटला की सिंदखेडराजा आणि जिजाऊसाहेब, लोणारचे सरोवर आणि तेथील देवळे, शेगावचे गजानन महाराज, खामगावचा कापूस ही नावे ओघानेच येतात. ती सर्व आम्हांस वंद्य आहेत. परंतु ज्या घरात आपण राहतो त्या घरातील चुलीलाही इतिहास असतो. तिच्यापुढे कोण बसले, किती वेळ बसले आणि बसणाऱ्याला सुट्टी कधी मिळाली, हे प्रश्न तहनाम्यांइतकेच महत्त्वाचे आहेत. त्यांची कागदपत्रे थोडी, इतकेच.

हा विषय सुचण्यास आमच्या शेजारचे एक तरुण दांपत्य कारण झाले. पती येथील एका सरकारी कचेरीत लिपिक आहेत, पत्नी जवळच्या गावी शाळेत शिक्षिका आहेत. कचेरीला शनिवार-रविवार सुट्टी. शाळा मात्र शनिवारी सकाळची भरते. या दोघांनी दोन वर्षांपूर्वी आपसांत एक करार केला. शनिवारचा स्वयंपाक त्याने करावयाचा, रविवारचा तिने. दुसरे कलम असे, की त्या दिवशीचा मुख्य पदार्थ या घरात पूर्वी कधी झालेला नसावा. तिसरे कलम तिने आग्रहाने घालून घेतले: ज्याची पाळी त्यानेच बाजार करावयाचा, आणि भांडी व ओटाही त्यानेच आवरावयाचा. हा करार वहीच्या पानावर लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटविलेला आहे. आम्ही तो स्वतः वाचला आहे.

पहिल्या शनिवारी पतिराजांनी गॅसच्या शेगडीवर बट्ट्या भाजण्याचे मनावर घेतले. त्या बाहेरून काळ्या झाल्या आणि आतून कच्च्या राहिल्या. वरण तेवढे बरे झाले होते, म्हणून दोघांनी भाताशी वेळ भागविली. दुसऱ्या दिवशी तिने उंधियू केला. तो साधला, पण तीन माणसांना पुरेल इतका उरला आणि त्यातला एक वाटा आमच्याकडे आला. असे चालू असता एका शनिवारी त्याने फुणके करावयाचे ठरविले. तुरीची डाळ भिजवून, भरड वाटून, तिचे मुटके वाफवावयाचे आणि ते कढीबरोबर खावयाचे, एवढे त्याला ठाऊक होते. पुढचे विचारण्यासाठी त्याने गावी आईला फोन केला. आई हसू लागली. “अरे बाळा,” ती म्हणाली, “आजीच्या हातचे फुणके खाऊनच तर तू मोठा झालास. त्यात नवीन ते काय?” त्याने ही गोष्ट आम्हांस सांगितली, तेव्हा तो हसत नव्हता. तो म्हणाला, “काका, जन्मभर खाल्ले, आणि करताना एकदाही पाहिले नव्हते.”

या एका वाक्यात आमच्या आजच्या विषयाचे मर्म आले आहे. त्याला आणखी एक जोड आहे. शनिवारी त्याच्या हाती झारा पाहून आळीतील मंडळी कौतुक करू लागली, बायकोला किती मदत करतो म्हणून. त्यावर ती शिक्षिका एवढेच म्हणाली, “माझी पाळी असते त्या दिवशी बघायला कुणी येत नाही.” मदत आणि पाळी या दोन शब्दांत जे अंतर आहे, ते तोडावयास आपल्या समाजाला दीडशे वर्षे लागत आहेत आणि अजून ते पुरते तुटलेले नाही. त्या वाटचालीचा मागोवा घेण्याचा आज आमचा विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुरुषाने स्वयंपाक करणे ही काही नवलाची किंवा परकी गोष्ट नाही. महाभारतात अज्ञातवासाच्या वर्षी भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहिला, आणि नळराजाच्या हातच्या स्वयंपाकाची ख्याती अशी, की चांगल्या स्वयंपाकाला ‘नलपाक’ असे नावच पडले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मांड्यांचा उल्लेख आहे, वड्यांचा आहे, आणि उडदाच्या एका पदार्थाचाही आहे, ज्याच्या नावाशी आजच्या इडलीचे नाते अभ्यासक लावतात. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीत छापलेले पाककलेचे पहिले पुस्तक म्हणून ज्याचे नाव घेतात ते ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. त्याचे कर्ते रामचंद्र सखाराम गुप्ते. त्याच १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. म्हणजे महाराष्ट्रातील व्याख्यानमाला आणि मराठीतील छापील पाकपुस्तक या एका वयाच्या बहिणी आहेत. चिटणिसांनी आमच्या विषयाला मान्यता द्यावी, यास एवढा पुरावा पुरेसा आहे!

परंतु या सगळ्या परंपरेत एक समान धागा दिसतो. राजाचा मुदपाकखाना, मंदिराची पाकशाळा, लग्नाचा मांडव, गावजेवणाचे चूलवण, ही सर्व पुरुषांची ठिकाणे. आपल्याच जिल्ह्यात पाहा. नवसाच्या रोडग्यांचा बेत ठरला म्हणजे शेतात गोवऱ्या रचणे, कणीक तिंबणे, आरातून रोडगे काढून राख झटकणे, वांग्याच्या भाजीचे पातेले उतरविणे ही कामे पुरुष मोठ्या हौसेने करतात. शेगावला संस्थानात सेवेकरी पाळीपाळीने येऊन मोबदल्याशिवाय सेवा करतात, आणि प्रसादाच्या कामातही त्यांना कमीपणा वाटत नाही. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखो लोकांच्या पंगतीला पुरी आणि वांग्याची भाजी वाढतात, ती ट्रॅक्टरमधून न्यावी लागते. अशा ठिकाणी कंबर कसून झारा धरणारा जो गृहस्थ असतो, त्याला घरी चहाची भुकटी कोणत्या डब्यात आहे हे विचारून पाहा. लाखाच्या पंगतीला वाढणारा हात दोन माणसांच्या भाताला का लागत नाही, याचे उत्तर हातात सापडत नाही. गर्दीतल्या स्वयंपाकाला सेवा म्हणतात, कला म्हणतात, त्याचे नाव होते. घरातल्या रोजच्या स्वयंपाकाला नाव नाही, दाम नाही आणि शेवटही नाही. जे काम रोज संपून रोज पुन्हा सुरू होते ते पुरुषाने आपले मानले नाही.

याला एक अपवाद जुन्या घरांत होता, आणि तो सभेत सांगावयास संकोच वाटला तरी सांगितला पाहिजे, कारण तो इतिहास आहे. सोवळ्या-ओवळ्याचे बंड ज्या घरांत कडक होते, तेथे स्त्री महिन्यातून तीन-चार दिवस ‘बाहेर’ बसे. तिने चुलीला शिवावयाचे नाही. एकत्र कुटुंबात जाऊ किंवा सासू असे, तेव्हा निभावून जाई. परंतु बदलीच्या नोकरीवर नवराबायको दोघेच परगावी राहू लागली, तेव्हा त्या दिवसांत भाताचे आधण ठेवणे नवऱ्याला चुकेना. अनेक जुन्या कारकुनांना आणि मास्तरांना पिठले आणि भात उत्तम येई, त्याचे गुपित यात आहे. ती दाराशी बसून सांगणार आणि तो आत करणार, असा तो प्रकार. कष्टकऱ्यांच्या घरी हे चोचले चालण्यासारखे नव्हते. तेथील स्त्री त्याही दिवसांत निंदणीला जातच होती. आता या चालीचे मोल काय करावे? त्या स्त्रीला विसावा मिळत होता हे खरे, पण तो विटाळाच्या नावाने, म्हणजे अपमानाच्या पोटी मिळत होता. आणि पुरुष चुलीपुढे बसत होता तो न्याय म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून. शिकलेल्या घरांतून हा विटाळ पुष्कळसा गेला, हे उत्तमच झाले. पण त्याच्याबरोबर ते चार दिवसही गेले. अपमानाची सुट्टी गेली आणि तिच्या जागी मानाची सुट्टी कोणी दिली नाही, ही गोष्ट सुधारणेच्या हिशेबात मांडावयाची राहून गेली आहे.

मानाची मागणी प्रथम कोणी केली? येथे आपल्या बुलढाण्याचे नाव मराठी गद्याच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाच्या वर्तुळातले होते. चार भावांत ही एकटी मुलगी. वडिलांनी तिला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. लग्न झाल्यावर ती सासरी गेली नाही; जावईच घरी आणला. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या नीतीवर जी चिखलफेक झाली, तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला. १८८२ साली तो पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

या पुस्तकात पाकक्रिया नाहीत. त्यात जे आहे ते त्याहून तिखट आहे. जे दोष स्त्रियांचे म्हणून सांगतात, ते एकेक घेऊन ताराबाई विचारतात की ते पुरुषांत नाहीत काय? पतिव्रतेचे जे नियम स्त्रीला घातले ते पुरुषाला का लागू नसावेत, अशी त्यांची सरळ हुज्जत आहे. हे सर्व अशा रोखठोक, घरगुती मराठीत, की वाचताना समोर कोणी हातवारे करून बोलत आहे असे वाटावे. चहूकडून टीका झाली. महात्मा फुले यांनी मात्र १८८५ सालच्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. पहिलेही विस्मरणात गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. ज्या वर्षी बुलढाण्याच्या एका मुलीने ‘तुलना’ हा शब्द स्त्रीपुरुषांच्या मध्ये उभा केला, त्या वर्षापासून आमच्या विषयाचा आधुनिक इतिहास सुरू होतो, असे आम्ही मानतो. कारण पाळी लावावयाची म्हणजे प्रथम तुलना करावी लागते. दोन माणसे एका मापाची धरल्याशिवाय पाळी लागत नाही.

आता सुट्टीकडे वळू. बापूजी हरींच्या कचेरीला रविवार बंद असे, कारण ती इंग्रजांची कचेरी होती आणि रविवार हा त्यांच्या प्रार्थनेचा दिवस. परंतु आपल्या भागातून जो कापूस बाहेर जाई, त्याच्यावर राबणाऱ्या मजुराला रविवार नव्हता. वऱ्हाडच्या कापसाची मोठी पेठ खामगाव. १८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला आणि कापसाचे गठ्ठे थेट मुंबईकडे निघाले. काही बोटीने विलायतेस जात, आणि पुढे पुढे अधिकाधिक मुंबईच्या गिरण्यांत जाऊ लागले. त्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि ठरलेली साप्ताहिक सुट्टी नसे. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हे ‘दीनबंधु’ पत्र चालवीत होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या पाहा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. आज ज्या गोष्टी गृहीत धरून आपण व्याख्यानाला येऊन बसलो आहो, त्या तेव्हा मागाव्या लागत होत्या.

१८९० सालच्या २४ एप्रिलला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी कारखान्यांना बंधनकारक झाली. रविवार हा कोणी दान दिलेला वार नाही. तो सह्या गोळा करून आणि सभा भरवून मिळविलेला वार आहे, हे प्रत्येक शाळेत शिकवावे असे आम्हांस वाटते.

पण त्या २४ एप्रिलच्या सभेतील दोन स्त्रिया आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्यांनी रविवार मागितला आणि तो मिळाला. रविवारी सकाळी गिरणीचा भोंगा वाजला नाही. पुरुष जरा उशिरा उठला असेल, हजामत करून भजनाला किंवा मित्राकडे गेला असेल. त्या दोघींनी काय केले असेल? सहा दिवस साचलेले दळण, धुणे आणि सारवण यांना तोच दिवस. आणि सुट्टी म्हणून दोन घास बरे हवेत, म्हणजे चुलीपुढचा वेळ वाढलाच. सुट्टीच्या दिवशी चूल अधिक पेटते, हा सुट्टीच्या इतिहासातील उलटा न्याय आहे. गिरणीच्या मालकाला सुट्टी मागता आली, कारण तो समोर होता. चुलीचा मालक कोण, आणि तिच्यापुरती सुट्टी मागावयाची कोणाकडे? अर्ज लिहावयाला पत्ताच नव्हता.

पुढे १३० वर्षांनी, २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. ज्या बुलढाण्यात बापूजी हरी हेडक्लार्क होते, तेथील आजच्या लिपिकाला आता शनिवार आणि रविवार हे दोन्ही दिवस मोकळे आहेत. शाळांना ही सवलत नाही, म्हणून आमच्या शेजारची शिक्षिका शनिवारी सकाळी शाळेत जाते. करारातील शनिवार त्याच्याकडे का गेला, हे आता श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. सरकारने त्याला जो दिवस दिला, त्यातून त्याने तिला वाटा दिला. तिने तो मागून घेतला, असे म्हणणे अधिक खरे होईल.

सुट्टी मिळाली तरी साधन पाहिजे. आपल्या आजीची सकाळ जात्यावर सुरू होई. पिठाची गिरणी गावात आली आणि पहाटेचा तो वेळ वाचला. स्त्रीच्या आयुष्यात इतका फरक पाडणारे दुसरे यंत्र आम्हांस माहीत नाही, आणि तिच्या नावाने एकही पोवाडा रचला गेला नाही. गिरणीवर दळण नेण्याचे काम मात्र हळूच मुलांकडे आणि पुरुषांकडे गेले, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. यंत्र आले की काम पुरुषाचे होते, असा हा अनुभव. मग चुलीच्या जागी स्टोव्ह आला, स्टोव्हच्या जागी गॅस. खेड्यापाड्यांत तो बऱ्याच घरी २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर पोहोचला, आणि सिलिंडर महाग झाला की जुनी चूल अजून पेटते, हेही आपण पाहतो. गॅसबरोबर ओटा आला. बसून करावयाचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. धूर, फुंकणी आणि डोळ्यांचे पाणी गेले. जेथे पूर्वी एकच जण मांडी घालून बसू शकत असे, तेथे दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहू शकतात. पुरुषाने स्वयंपाकघरात यावे यासाठी सुधारकांनी पुष्कळ लिहिले, पण ओट्यानेही आपले काम निमूटपणे केले.

साधनानंतर विद्या. ‘सूपशास्त्र’ पुरुषाने लिहिले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ निघाले, त्यात एक हजार पाकक्रिया. नावातच मित्रत्व गृहिणीशी. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ निघाले आणि घरोघर गेले. त्याच्या यशाचे कारण आमच्या मते त्यातील मापांत आहे. “अंदाजाने मीठ” असे सांगितले की ज्याला अंदाज आहे त्यालाच स्वयंपाक येणार, आणि अंदाज तर वर्षानुवर्षे चुलीपाशी राहून येतो. वाटी आणि चमचा यांनी सांगितले म्हणजे ज्याने कधी तवा पाहिला नाही त्यालाही प्रयत्न करता येतो. मापाने स्वयंपाकघराचे दार उघडले. आता तर फोनवर पाहून कोणीही कोणत्याही मुलखाचा पदार्थ करू शकतो. आमच्या शेजाऱ्याच्या बट्ट्या मात्र फोन पाहूनही बिघडल्या, कारण गोवरीच्या आराची धग आणि गॅसची ज्योत यांतील फरक फोनला सांगता आला नाही. तेथे गावच्या आईलाच विचारावे लागले.

येथे कोणी शंका घेईल, की हे नवनवीन पदार्थांचे वेड आपल्या भाकरी-ठेच्याच्या मुळावर येणार नाही काय? आम्ही विचारतो, ठेचा तरी किती जुना? मिरची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकाच्या सुमारास या देशात आली. जिजाऊसाहेबांचा जन्म १५९८ सालचा. त्यांच्या आजीच्या लहानपणी ताटात तिखटपणा होता तो मिऱ्यांचा. शेंगदाणे, बटाटा, टोमॅटो, मका, सगळे त्याच वाटेने आलेले पाहुणे. एके काळी कोणा धीट बाईने ही परकी लाल शेंग खलबत्त्यात घालून पाहिली, म्हणून आज ठेचा वऱ्हाडी झाला. तेव्हा नवा पदार्थ करणे हीच आपली परंपरा आहे. आणि फुणक्यांची गोष्ट विसरू नये. नवे शोधता शोधता त्या मुलाला आजी सापडली. ज्या घरात फक्त सून शिकते तेथे पदार्थ एका धाग्यावर लोंबत असतो. मुलगाही शिकला तर तो दोन धाग्यांवर राहतो. जुने टिकावे असे ज्यांना वाटते, त्यांनी मुलांच्या हाती रवी दिली पाहिजे.

दुसरी शंका अधिक खरी आहे. सुट्टीच्या एका दिवसाने काय होणार? आठवड्याचे उरलेले पाच दिवस तिचेच ना? देशाच्या २०१९ सालच्या वेळवापर पाहणीचे आकडे येथे सांगितले पाहिजेत. सहा वर्षांवरील व्यक्तींत घरच्यासाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१, पुरुष शेकडा २६. जे करतात त्यांचा दिवसाचा वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. स्त्रीची पाच तासांची एक पाळी रोज, रविवारसुद्धा. ताराबाईंच्या पुस्तकानंतर १३७ वर्षांनी केलेली ही तुलना आहे, आणि ती सरकारी कागदावर आहे. या डोंगरापुढे एका शनिवारचे फुणके म्हणजे काहीच नाहीत, हे आम्ही मान्य करतो. इतकेच नव्हे, अशा पाळीत लबाडीलाही जागा आहे. पुरुष सुट्टीच्या दिवशी थाटामाटाचा एक पदार्थ करणार, घरभर वास दरवळणार, वाहवा होणार. आणि पाठीमागे तेलकट कढया, सांडलेले पीठ आणि सोमवारच्या डब्याची चिंता तिच्याकडे राहणार. असा स्वयंपाकी म्हणजे चुलीचा पाहुणा. पाहुण्याची पाळी नसते.

म्हणूनच आम्हांस त्या करारातील तिसरे कलम सर्वांत मोलाचे वाटते. बाजार, भांडी आणि ओटा. पदार्थ कोणता हे गौण आहे. शेतकऱ्याला पाळी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पाण्याची पाळी ज्याची, त्याने रात्री उठून बारे द्यावयाचे. थंडी आहे म्हणून शेजारी देणार नाही. वखराची पाळी अर्धी सोडता येत नाही. गिरणीत रात्रपाळी ज्याची त्याने भोंग्याला हजर व्हावयाचे. मदत मनात येईल तेव्हा करता येते आणि केव्हाही थांबविता येते. तिचे आभार मानावे लागतात. पाळी आपली असते. तिचे आभार कोणी मानीत नाही, आणि ती चुकविली तर जाब द्यावा लागतो. ज्या दिवशी पुरुषाच्या स्वयंपाकाचे कौतुक बंद होईल त्या दिवशी ती खरी पाळी झाली, असे समजावे. आमचा शेजारी गेल्या काही महिन्यांपासून बुधवारच्या संध्याकाळचा स्वयंपाकही करतो. बुधवारी नवा पदार्थ नसतो, वरण-भात आणि पोळी असते. त्याविषयी त्याने आम्हांस मुद्दाम सांगितले नाही, आणि आळीतही कोणी काही बोलत नाही. हेच आम्हांस शुभचिन्ह वाटते.

शेवटी या सभागृहाविषयी दोन शब्द बोलून आम्ही आपली रजा घेतो. आपली व्याख्यानमाला संध्याकाळी सहाला सुरू होते. गेली अनेक वर्षे आम्ही या मांडवात श्रोता म्हणून बसत आलो आहो. उजव्या हाताच्या ज्या रांगा भगिनींनी भरलेल्या असतात, त्या सातच्या सुमारास एक एक करून रिकाम्या होऊ लागतात. वक्त्याला वाटते, आपले बोलणे रंगले नाही. तसे नसते. ती स्वयंपाकाची वेळ असते. इतिहास, शास्त्र, राज्यकारभार यांवरील व्याख्यानाचा उत्तरार्ध या गावातील कित्येक स्त्रियांनी कधी ऐकलेलाच नाही. ताराबाईंच्या गावात तरी असे असू नये. ज्या पुरुषांना आजचे बोलणे पटले असेल, त्यांनी टाळ्या न वाजविल्या तरी चालेल. या मालेतील उरलेल्या दिवसांपैकी एक दिवस पूर्वार्ध ऐकून त्यांनी उठावे, घरी जाऊन कुकर लावावा, आणि उत्तरार्धाला घरच्या माणसाला बसू द्यावे.

आज शनिवार आहे. सात वाजून गेले आहेत, आणि आमच्या शेजारची ती शिक्षिका तिसऱ्या रांगेत अजून बसलेली आम्हांस दिसत आहे. तिला उठण्याची घाई दिसत नाही.